काळी चारचा तोरा

अनोळखी माणसाला पगार विचारला तर तो एक वेळ सांगेल, निदान कापून हातात किती येतो तेवढं तरी सांगेल. पण गाणाऱ्या माणसाला ‘तुमची पट्टी कोणती?’ असं विचारून खरं उत्तर मिळवणं अवघड आहे. बाई असेल तर ‘काळी चार’ आणि पुरुष असेल तर ‘काळी एक, तब्येत लागली तर काळी दोनसुद्धा’ असं ठरलेलं उत्तर येतं. ही तब्येत साधारणपणे न्हाणीघरात लागते. प्रत्यक्ष कार्यक्रमाला बसल्यावर हीच मंडळी पेटीवाल्याच्या कानाशी लागून काय सांगतात ते त्यालाच ठाऊक. पेटीवाल्यांनी आपल्या पोटातलं सगळं लिहून काढलं, तर निम्मी गायक मंडळी अब्रुनुकसानीचे दावे लावतील.

ज्यांनी पेटीला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या. यातली कुठलीही एक ‘सा’ मानायची आणि तिथून गायला लागायचं. साहेबाने या बारा जणींना अक्षरं दिली, त्यांना शार्प-फ्लॅटची शेपटं जोडली. आपण रंग आणि नंबर यांवर भागवलं. पांढरी एक म्हणजे त्याचा सी, काळी चार म्हणजे त्याचा जी शार्प. एका पट्टीवरून शेजारच्या वरच्या पट्टीवर गेलं की कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. अंतऱ्यात वरच्या ‘सा’वर अडकलेल्या माणसाला विचारा, तो ६ टक्के म्हणजे काय ते नीट सांगेल, अर्थात श्वास परत आल्यावर.

तत्त्वतः या बाराही पट्ट्या सारख्या. व्यवहारात मात्र काळ्यांना मान आहे. काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच ही भारदस्त घराणी. पांढरी चारवाला माणूस पट्टी सांगताना आवाज खाली आणतो. पांढरी सहामध्ये गाणाऱ्या बायका ‘काळी पाचच्या जऽऽरा आधी’ असं म्हणतात. पांढरी सात ही माझी पट्टी आहे असं अभिमानाने सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ती बहुधा पेटीवर जागा भरायला ठेवलेली असावी.

गंमत अशी की हा सगळा तोरा ज्या संगीतात चालतो, त्या संगीताच्या शास्त्राने पट्टीला काडीची किंमत दिलेली नाही. यमन पांढरी एकमध्ये गा नाहीतर काळी पाचमध्ये, तो यमनच. भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे ६ भाग काढले, शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, पण अमुक बंदिश काळी दोनमध्येच म्हणावी असा हुकूम कुठे सोडला नाही. ‘सा’ कुठे धरायचा हे ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या गळ्याला विचारून ठरवायचं. इतकं स्वातंत्र्य मिळाल्यावर माणसाने काय करावं? आमचा माणूस आधी मागच्या वर्षी गायलेल्या बाईंची पट्टी कोणती होती ते विचारतो आणि तिच्याहून एक वरची मागतो.

आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एक सुगम संगीताचा कार्यक्रम असतो. कार्यक्रमापेक्षा त्याची तालीम ऐकण्यासारखी असते, आणि तिला तिकीटही नसतं. क्लबहाऊसमध्ये सतरंजी घालून मास्तर पेटी घेऊन बसतात, शेजारी तबलजी हातोडी घेऊन. एकेक गायक येऊन पट्टी ठरवून जातो. गेल्या तालमीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांना लताबाईंचं एक गाणं म्हणायचं होतं.

‘कुठली पट्टी घेऊ, वहिनी?’

‘ओरिजिनल.’

‘ओरिजिनल जरा वर आहे. बघा हं.’

‘मास्तर, मी घरी ओरिजिनलमध्येच म्हणते.’

मास्तरांनी मान डोलावली आणि ओरिजिनल दिली. मुखडा उत्तम झाला. वहिनींनी सतरंजीवरच्या आम्हा चार रिकामटेकड्यांकडे पाहून घेतलं. मग अंतरा आला. पहिली ओळ गेली, दुसऱ्या ओळीला वहिनींचा उजवा हात वर गेला, भुवया वर गेल्या, हनुवटी वर गेली. वर जायचा राहिला तो फक्त आवाज. तो अर्ध्या वाटेवर थबकला, पातळ झाला आणि दिसेनासा झाला. मास्तरांनी पेटीवर ती जागा भरून काढली.

‘आज घसा जरा बसलाय,’ वहिनी म्हणाल्या.

‘हवाच तशी आहे,’ मास्तर म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

‘एक पट्टी खाली घेता? पण एकच हं. गाण्याचा मूड जातो.’

‘एकच घेतो.’

मास्तरांची पेटी स्केलचेंजर. तिच्यात पट्ट्यांची अख्खी फळी उचलून बाजूला सरकवता येते. खालचे सूर जागच्या जागी राहतात. बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात, आवाज मात्र शेजारच्या सुराचा येतो. प्रत्येक घराला एक बारीकसा ‘खट्’ ऐकू येतो. मास्तरांनी तबलजींकडे पाहिलं. तबलजींनी ताबडतोब हातोडी उचलून गठ्ठे ठोकायला सुरुवात केली. त्या ठोकाठोकीत तीन खट् बेमालूम विरघळले. वहिनी पुन्हा गायल्या, अंतरा सुरेख लागला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, ‘बघा मास्तर, एका पट्टीने काही एवढा फरक पडत नाही. ओरिजिनलच वाटतंय.’

मास्तर म्हणाले, ‘तुमचा गळाच तसा आहे.’ हे वाक्य खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या.

यात वहिनींना हसण्याचं कारण नाही. सगळा घोळ मुखड्याचा असतो. आपण गाण्याची पट्टी मुखड्यावरून ठरवतो, कारण आपल्याला गाण्याचा मुखडाच पाठ असतो. आपल्याकडे गाणी रचणारे मुखडा बहुतेक मधल्या सप्तकात, घरगुती ठेवतात आणि अंतऱ्यात गाणं वर नेतात. सर्वसाधारण न शिकलेला गळा दीड ते दोन सप्तकांत फिरतो. त्यातलं टोकाचं थोडं वरचं आणि थोडं खालचं नावाला असतं, पाहुण्यांसमोर काढण्याजोगं नसतं. बरीचशी भावगीतं आणि चित्रपटगीतं एक ते दीड सप्तक मागतात. म्हणजे हिशेब जेमतेम बसतो. चार पट्ट्या इकडेतिकडे झाल्या की एक टोक बाहेर पडतं. वर घेतलं तर अंतरा मरतो, खाली घेतलं तर मुखड्याचे खालचे सूर गिळले जातात आणि गायक काहीतरी पुटपुटतोय असं मागच्या रांगेला वाटतं. यावर जाणत्यांचा उपाय साधा आहे: गाण्यातली सगळ्यात वरची जागा आधी म्हणून बघायची, ती जिथे विनासायास लागते त्यावरून ‘सा’ मागे मोजत यायचा. हा उपाय फुकट असल्यामुळे कोणी करत नाही.

पुरुषाने बाईचं गाणं म्हणायचं ठरवलं की गणित आणखी अवघड होतं. शास्त्रीय गाणाऱ्या बायकांचा ‘सा’ पुष्कळदा काळी चारच्या आसपास, म्हणजे २०८ हर्ट्‌झच्या जवळ असतो. पुरुषांचा काळी एकच्या आसपास, १३९च्या जवळ. मध्ये अंतर सात पट्ट्यांचं. आता बाईच्याच पट्टीत गायचं तर पुरुषाने एक तर सात पट्ट्या वर चढायचं, नाहीतर तिचाच ‘सा’ खालच्या सप्तकात धरून पाच पट्ट्या खाली उतरायचं. वर फाशी, खाली विहीर. म्हणूनच युगुलगीतात पुष्कळदा पुरुष शिरा ताणून गात असतो किंवा बाई खर्जात कंटाळलेली असते. दोघंही एकाच वेळी सुखात आहेत असं युगुलगीत बसवणाऱ्या संगीतकाराने डोकं लढवलेलं असतं: तिच्या ओळी वरच्या अंगाने, त्याच्या खालच्या अंगाने, आणि दोघांनी मिळून म्हणायची जागा अगदी थोडी. संसाराबद्दल मी काही बोलत नाहीये.

पंडित जसराजांनी यावर फार हुशार तोड काढली. ‘जसरंगी’ या त्यांच्या जुगलबंदीत बाई आणि पुरुष आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग एकाच वेळी गातात. पुरुषाचा मध्यम तोच बाईचा षड्ज, असं मूर्च्छनेचं गणित मांडलेलं असतं. सूर तेच, घर निराळं. दोघांपैकी कोणालाही आपली पट्टी सोडावी लागत नाही. आमच्या सोसायटीत हे सांगून पाहिलं. दोघांनी वेगवेगळे राग एकाच वेळी गायचे यात नवीन काय, असं एका काकांनी विचारलं. मागच्या वर्षीच्या युगुलगीतात ते स्वतः होते.

या सगळ्यात तबलजीचे हाल कोणी लक्षात घेत नाही. लोकांना वाटतं, बाई वरच्या पट्टीत गाते म्हणजे तिला छोटा, टिपेचा तबला लागत असणार. प्रत्यक्षात उलट आहे. तबल्याच्या दृष्टीने काळी एक वरची आणि काळी चार खालची, कारण तो पुरुषाच्या काळी एकला वरच्या सप्तकात जाऊन मिळतो. तेव्हा भरदार पुरुषी आवाजाला सव्वापाच इंची लहान तोंडाचा तबला आणि नाजूक बायकी आवाजाला सहा इंचांच्या आसपासचा मोठा. सुगम संगीताच्या कार्यक्रमात एकाआड एक स्त्री-पुरुष गायक लावलेले असतात, निवेदकाला ते छान दिसतं म्हणून. तबलजी बिचारा दोन-तीन तबले पिशवीतून काढून रांगेने मांडतो आणि निवेदिका चांदण्यावर बोलत असताना मान खाली घालून ठोकत बसतो. निवेदन लांबतं अशी लोकांची तक्रार असते. ते कोणासाठी लांबतं हे तबलजीला विचारा.

बासरीवाल्याचं दुखणं वेगळं. बांबूला स्केलचेंजर नसतो. तो अख्खी पिशवीभर बासऱ्या घेऊन येतो, आणि ‘जरा अर्धी पट्टी खाली’ असं कोणी म्हणालं की पिशवीत हात घालून, एकेक बाहेर काढून, डोळ्यांपुढे धरून बघतो. हवी ती नेमकी घरी राहिलेली असते.

तरी पेटीवाल्याला सगळं सोपं, असं कोणी समजू नये. स्केलचेंजर ही सोय आहे आणि जुन्या पेटीवाल्यांना ती मनातून मान्य नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्या महाराष्ट्रात पेटी वाजवायची म्हणजे बाराही पट्ट्यांत बोटं फिरली पाहिजेत अशी समजूत होती. फळी सरकवणं म्हणजे कॉपी. या पेटीने आधीच पुष्कळ सोसलं आहे. परदेशातून आलेली, मींड न येणारी, श्रुती न मानणारी म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि ती बंदी थेट १९७१पर्यंत टिकली. इतक्या अपमानानंतर निदान पट्टी बदलताना तरी तिने ताठ राहावं, असं त्यांना वाटत असावं. मला विचाराल तर सरकवावी फळी. वहिनींचा अंतरा लागणं महत्त्वाचं.

आणि फळी सरकवणारे आपणच पहिले नाही. अमेरिकेत आयर्व्हिंग बर्लिन नावाचा गीतकार होऊन गेला. ‘व्हाइट ख्रिसमस’ त्याचंच. हा गृहस्थ पियानो जवळजवळ फक्त काळ्या पट्ट्यांवर, एफ शार्पमध्ये वाजवायचा. आपल्या भाषेत काळी तीन. दुसऱ्या पट्टीत हात चालायचा नाही. मग त्याने दांडा असलेला खास पियानो घेतला. दांडा फिरवला की बोटं काळी तीनमध्ये आणि आवाज हव्या त्या पट्टीत. त्याचा १९४०चा असा एक पियानो आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आमच्याकडे असा माणूस निघाला असता तर पेटीच्या क्लासातून पहिल्याच महिन्यात घरी पाठवला असता आणि पुढची कित्येक गाणी वाचली असती.

‘ओरिजिनल स्केल’ हे प्रकरण आपल्याकडे अलीकडे फार बोकाळलं आहे. कराओके क्लबांनी ते घरोघर नेलं. बँकेतून, पोस्टातून, महापालिकेतून निवृत्त झालेली मंडळी दर शनिवारी एखाद्या हॉलमध्ये जमतात आणि रफी, मुकेश, किशोर यांची वाटणी करून घेतात. मला हे क्लब मनापासून आवडतात. पासष्टाव्या वर्षी माणूस माइक हातात घेऊन डोळे मिटतो हे रक्तदाबाच्या गोळीपेक्षा बरं. पण तिथे ट्रॅक लावणाऱ्या पोराला ‘मायनस टू कर’ असं सांगताना त्यांची जी कुजबुज चालते, ती पाहून वाटतं की हे काहीतरी अनैतिक मागतायत. एक काका तर बोटांनी खूण करतात. दोन बोटं खाली, म्हणजे मायनस टू. समोर बसलेल्यांना वाटतं, पंखा कमी करायला सांगतायत.

या मंडळींना सांगायला हवं की कराओकेचा जन्मच मुळी अशा माणसासाठी झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता. गाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांभाळून घेत वाजवणं ही त्याची खासियत. एका कंपनीच्या मालकाला त्याच्याखेरीज कोणाबरोबर गाता येत नसे, अशी गोष्ट सांगतात. मालक सहलीला निघाला, वादकाला रजा मिळेना, तेव्हा त्याने त्या साहेबांना झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली यंत्र निघालं. त्याचं पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. म्हणजे या यंत्राच्या मुळाशीच एक अडखळणारा गळा आणि एक समजूतदार साथीदार आहे. तिथे ओरिजिनलचा हट्ट धरणं म्हणजे उगमालाच विसरणं.

शिवाय ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं? जुन्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हणवायच्या, पण भरताना आणि वाजवताना यंत्राचा वेग दर वेळी नेमका तेवढाच असे असं नाही; आणि वेग बदलला की सूर बदलतो. म्हणून कित्येक जुनी गाणी आज ऐकली तर पांढरी आणि काळी यांच्या मधल्या फटीत कुठेतरी वाजतात. ती पट्टी कुठल्याच पेटीवर नाही. पुढे कॅसेट आली. टेपरेकॉर्डरचा वेग ६ टक्क्यांनी पडला की गाणं एक पट्टी खाली येतं, हे साधं गणित. आमच्या घरी सेल उतरले की लताबाईही उतरायच्या, आणि अगदी शेवटी शेवटी तलत मेहमूदांच्या जवळपास यायच्या. आम्ही त्यात गाणी पाठ केली. माझ्या पिढीतले लोक ज्याला ओरिजिनल म्हणतात ते काही अंशी शेजारच्या दुकानातल्या सेलवर अवलंबून होतं.

आता तर ट्रॅकचा वेग तोच ठेवून नुसती पट्टी वरखाली करता येते. तीनएक पट्ट्यांपर्यंत ठीक चालतं. त्यापलीकडे नेलं की ढोलकी पाण्यात पडल्यासारखी वाजायला लागते आणि व्हायोलिनवाल्यांना सर्दी होते. तेव्हा मायनस सिक्स मागणाऱ्या काकांनी गाणंच बदलावं, हे मी त्यांना प्रेमाने सांगेन. पण मायनस टू, मायनस थ्री यात लाजण्यासारखं काही नाही. ओरिजिनल पट्टीसुद्धा कोणाच्या तरी गळ्याचं माप घेऊनच ठरलेली होती. रफीसाहेबांच्या मापाचा सदरा आपल्याला खांद्यात होत नाही म्हणून कोणी रफीसाहेबांचा अपमान केला असं होत नाही.

वरच्या पट्टीचा हा मान आला कुठून, याबद्दल माझा एक कयास आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी माणसाला संगीत नाटकाचं वेड लागलं. माइक नव्हता. पिटातल्या शेवटच्या माणसाने तिकिटाचे पैसे मोजले होते आणि त्याला पद ऐकू यायला हवं होतं. मागे ऑर्गन वाजतोय, समोर लोक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडतायत, अशा वेळी खाली, गळ्यातल्या गळ्यात गाऊन भागणारं नव्हतं. उंच, टोकदार आवाज दूर जातो. तेव्हा वर गाणारा तो मोठा, हे समीकरण रास्तच होतं. पुढे माइक आला. आता कानात कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू जातं; पण आपल्या मनातला पिटातला तो माणूस अजून उठून गेलेला नाही. आपण त्याच्यासाठी काळी चार मागत असतो.

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. इटलीत व्हेर्दीचा ‘इल त्रोव्हातोरे’ नावाचा १८५३चा ऑपेरा आहे. त्यात नायकाचं एक गाणं आहे, त्याच्या शेवटी तो वरचा सी लावणार म्हणून लोक खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. कित्येक नामांकित गायक ते अख्खं गाणं अर्धा किंवा एक सूर खाली उतरवून घेतात, ऑर्केस्ट्रासकट, आणि लोक वरचा सी ऐकला म्हणून टाळ्या वाजवतात. खरी मजा पुढेच आहे. तो वरचा सी व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. गायकांनी तो मागाहून घातला, लोकांना आवडला, आता तो नाही लागला तर शिट्ट्या पडतात. म्हणजे जी जागा मुळात नाही ती लागत नाही म्हणून गाणं खाली उतरवायचं. आमच्या वहिनी यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक.

या पट्टीच्या रुबाबात ज्यांचं नाव आदराने घ्यावं अशा एक बाई होऊन गेल्या, गंगूबाई हनगल. सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर बारीक, उंच बायकी आवाज ऐकू येतो. घशावर शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा खाली उतरला. इतका की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. दुसऱ्या एखाद्या बाईने हाय खाऊन पेटी माळ्यावर टाकली असती, तर तेही समजण्यासारखं होतं. गंगूबाईंनी ‘सा’ जिथे लागतो तिथे धरला आणि त्या भारदस्त आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या. २००९ साली गेल्या तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेलेल्या होत्या. त्यांची पट्टी कोणती, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे. गाणं इतकं मोठं झालं की तो प्रश्न मागे पडतो. आपल्यासारख्यांच्या बाबतीत पडत नाही तो त्यामुळेच.

शाळेतल्या पोरांची दया येते. स्नेहसंमेलनाच्या समूहगीताला बाईंची पेटी एका पट्टीत लागते ती लागते. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांनी तिथेच गायचं. त्यातच आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात, जवळजवळ एका सप्तकाने खाली येतात, तेही एका दिवसात नाही, तर एकाच ओळीत चारदा वरखाली होत. अशा मुलाला काय करायचं याचं शास्त्र कुठल्याही बी.एड.मध्ये शिकवत नसावेत, कारण सगळीकडे एकच तोडगा निघतो. ‘तू टाळ वाजव.’ महाराष्ट्रात टाळ वाजवणारे इतके पुरुष का आहेत, याचा उगम मला तरी इथेच दिसतो.

पण पट्टीचा खरा घात होतो तो आरतीत, कारण तिथे मास्तर नसतात, पेटी नसते आणि झांजेला पट्टी नसते. पहिला ‘मोरया’ घरातला सगळ्यात उत्साही माणूस देतो, साहजिकच टिपेला. सगळे त्याच टिपेला उत्तर देतात. तो सूर कानात घुमत असतानाच कोणीतरी काका आरती उचलतात, आणि ‘मोरया’च्याच पट्टीत उचलतात. गणपतीची आरती निभावते, अंगात जोर असतो. देवीच्या आरतीला पहिले पुरुष गळतात. गळतात म्हणजे गप्प होत नाहीत, गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात आणि टाळ्यांचा आवाज वाढवतात. शंकराच्या आरतीला निम्मा हॉल वर, निम्मा खाली आणि दोन-चार माणसं मधे कुठेतरी, स्वतःच्या खाजगी पट्टीत. लहान मुलं मात्र वरच असतात, त्यांना छप्पर नाहीच. आणि मग विठोबाची आरती येते. तिथे ती प्रसिद्ध लांबवायची जागा आहे. तिथे कोणाचा दम किती हे बघायची प्रथा आहे. काकांचा चेहरा जास्वंदीच्या रंगाचा होतो, काकू डोळ्यांनी ‘पुरे’ म्हणतात, आणि काका पुरे करत नाहीत, कारण शेजारच्यांनी अजून सोडलेलं नसतं.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. यंदा आरती उचलायचा मान तुमच्याकडे आला, तर ‘मोरया’ झाल्यावर लगेच तोंड उघडू नका. एक श्वास घ्या, कानात जो सूर घुमत असेल त्याच्या चार पट्ट्या खालून सुरू करा. कोणी ‘आवाज बसलाय का?’ असं विचारलं तर हो म्हणा. विठोबा अजून यायचा आहे.